दादाला काय काय आठवतं

जालना, ९ मार्च २०२५

चि. आकांक्षा,

तुझा पत्ता स्वराकडून घेतला. तुझी मैत्रीण आहे, तिच्यावर रागावू नकोस. मीच फार मागे लागलो. फोनही करता आला असता. पण इतक्या वर्षांत मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा "हं काका", "बरं काका" एवढंच ऐकू आलं, आणि धावड्याचं नाव निघालं की नेमकं तुझ्या पुण्याच्या घराचं दार कुणीतरी वाजवायचं. पत्राचं बरं असतं. दार वाजलं तरी ते टेबलावर पडून वाट बघतं.

तुझे आबा, माझा दादा, आजारी होते. "होते" लिहिलंय, ते नीट वाच. आता जिवाला धोका नाही. मागच्या आठवड्यात दवाखान्यातून धावड्याला घरी गेले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दादाला ताप आला. मक्याला पाणी द्यायचं चाललं होतं, म्हणून त्याने तो अंगावर काढला. मग एका सकाळी त्याने स्वतःच्या चपला गोठ्यात नेऊन दावणीला बांधल्या आणि त्यांच्यापुढे कडबा टाकला. वहिनी आधी हसली. तिला वाटलं, आपली चेष्टा चाललीय. दुपारी त्याने तिला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडं आल्त्या?" तेव्हा तिचं हसणं थांबलं. गल्लीत दोघातिघांनी बाहेरचं काहीतरी असल्याचं सांगितलं, पण तुझी आई कुणाचं ऐकत बसली नाही. जीप करून सरळ जालन्याला, माझ्या दवाखान्यात निघाली. वाटेत भोकरदनच्या पुढे त्याला झटका आला.

मेंदूचं चित्र बघण्याआधी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची माझी सवय आहे. इथल्या लोकांना ती माहीत आहे, ते तेवढं थांबतात. त्या दिवशी नाव घ्यायचं राहून गेलं. दोन्ही कानांच्या वर, आतल्या बाजूला, पांढरं दिसत होतं. डावीकडे जास्त.

हा मेंदूज्वर आहे. ज्या विषाणूमुळे झाला तो काही लांबून आलेला नाही. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड उठतो ना, तोच हा. तुझ्यात आहे, माझ्यात आहे, बहुतेक सगळ्यांत असतो. लहानपणी कधीतरी शिरतो आणि नसांच्या मुळाशी झोपून राहतो. लाखांतून एखाद्याच्या बाबतीत तो एक दिवस उठतो आणि खाली ओठाकडे यायच्या ऐवजी वर मेंदूकडे जातो. का जातो, आणि गेल्यावर एवढा मोठा मेंदू सोडून नेमका कानावरचाच भाग का धरतो, हे कुणाला नीट ठाऊक नाही. मी त्याच्यावरच काम करतो. या आजारातून वाचलेल्या माणसांचं काय जातं, काय राहतं, आणि का, एवढंच मी शोधतो. आता माझ्या यादीत माझाच भाऊ आहे. उपचार मात्र माझ्याकडे नाहीत, ते डॉ. निवेदिता बघतात. भावाच्या बाबतीत मला निर्णय घेणं जमणार नाही हे त्यांनी न विचारताच ओळखलं.

तो चालतो, जेवतो, बोलतो. तुझी आठवण काढतो. रोज काढतो.

बाकी पुढे कधीतरी.

तुझा
भारतकाका


जालना, ३० मार्च २०२५, पाडवा

आकांक्षा,

तुझं उत्तर मिळालं. एकाच ओळीचं. "आबांनी मला माफ केलं, की ते विसरले?"

लहान होतीस तेव्हाही तू असंच करायचीस. मी गावाकडे येताना खाऊ आणला की "आणला की वाटेत मिळाला?" असं विचारायचीस.

विसरले. मागच्या पत्रात हे मी लिहिलं नाही. दादाच्या डोक्यातून गेली काही वर्षं पुसली गेलीत. त्याच्या हिशेबाने तू अजून भोकरदनला कॉलेजात जातेस. दुपार कलली, एसटी फाट्यावर वाजली, की ओट्यावरून विचारतो, "आकू आली का गं?" वहिनी म्हणते, "येईल." त्याला तुझं लग्न माहीत नाही, केदार माहीत नाही. तू दारात येऊन परत गेलीस तो दिवस त्याच्यापाशी नाहीच.

तुला हे वाचून काय वाटेल याचा अंदाज मला येत नाही. म्हणून जे मला कळतं ते लिहितो.

मागच्या रविवारी मी चित्रं ओळखायला लावायचे पत्ते घेऊन धावड्याला गेलो होतो. आमच्या कामातले नेहमीचे पत्ते परदेशी आहेत. त्यात कांगारू आहे. दादाला निरोगी असतानासुद्धा कांगारू ओळखता आला नसता. म्हणून मी स्वतः फोटो काढून नवे पत्ते केले. अर्धे अवजारांचे, अर्धे जित्राबांचे आणि पिकांचे.

तिफणीचा पत्ता दाखवला. "तिफण. पर बी सोडायचं चाडं बाभळीचं हाय का सागाचं, ते फोटूत कळंना." वखर, विळा, पाण्याची मोटर, पान्हा, सगळं बरोबर. मोटरीचा फोटो बघून म्हणाला, "हिचं सील गेलंय, पाणी गळून राह्यलं."

मग शेळी दाखवली. बराच वेळ बघितलं. "चार पायाचं हाय."

"कोणतं पण?"

"कुत्रं असंल. न्हाईतर तसलंच कायतरी."

मोर, कापूस, मोसंबी, मांजर, काहीच नाही. जिवंत तेवढं सगळं गेलंय आणि माणसाने घडवलेलं तेवढं राहिलंय. ही गोष्ट मी वाचलेली होती, दोन रुग्णांत पाहिलीही होती. पण आपल्याच ओट्यावर आपल्याच भावात ती बघताना मला, खरं सांगतो, वाईट वाटण्याच्या आधी आश्चर्य वाटलं. मेंदूत जिवांचं एक वेगळं घर आहे आणि अवजारांचं वेगळं, आणि विषाणूने एकच घर जाळलं. कुणी बांधली असतील ही घरं?

जेवताना ताटात हिरवी मिरची होती. ज्याने जन्मभर मिरची लावली तो ती उलटीपालटी करत म्हणाला, "हे फळ कोणतं?" आणि मी हो-नाही म्हणेपर्यंत कचकन चावली. डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम म्हणाला, "मिरची! आन ज्वालाची." जात चवीवरून सांगितली. डोळ्यांना जे उघडता आलं नाही ते जिभेने उघडलं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मला वळखतेत. आवाज केला की वळखतेत. मुकाट गेले की बघत ऱ्हातेत. म्हणून आता बांगड्या वाजवत फिरते नव्या नवरीवानी. आन जनमभर माझ्या कालवणाला नावं ठेवली, आता एका भाजीचं नाव आठवंना. काय बी घालते, खातेत."

शेवटी मी घरच्या बैलाचा फोटो दाखवला. "जनावर हाय," दादा म्हणाला.

"दादा, हा तुझा चांद्या."

"चांद्या तर बैल हाय."

"हाच तो."

त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे बघून हसला. "येडा का तू? समोरून काय दावतो? मी जनमभर त्याच्या मागून चाललो."

मी तसाच गोठ्यात गेलो आणि दोन्ही बैलांचे मागून फोटो काढून आणले. तरी त्याला ते ओळखता आले नाहीत. पण आम्ही दोघं हसलो.

पत्त्यांत मी तुझाही एक फोटो घातला होता, दहावीचा, दोन वेण्यांचा. त्याने तो सगळ्यांत जास्त वेळ बघितला. म्हणाला, "कुणाची हाय? चांगली हाय पोर." आणि तेवढ्यात फाट्यावर एसटी वाजली, तसा फोटो खाली ठेवून आत आवाज दिला, "आकू आली का गं?"

परत येताना गाडीत हेच डोक्यात होतं. ज्या देवाचं रूप कधी पाहिलं नाही त्याचं नाव आपण आयुष्यभर घेतो, आणि ते पुरतं म्हणतो. दादाजवळ तुझं नाव आहे आणि रूप नाही.

तुझा
काका


जालना, १७ एप्रिल २०२५

आकांक्षा,

हे घाईत लिहितोय. कुरिअरने पाठवतो, शनिवारपर्यंत मिळेल.

दादा पुन्हा इथे दवाखान्यात आहे. आठवडाभर झोप नव्हती, चिडचिड, मग तोंड सारखं चघळल्यासारखं हलायला लागलं आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. मला वाटलं विषाणू परत आला. पाठीतलं पाणी काढून तपासलं. विषाणू नाही. एकही नाही.

जे सापडलं ते दुसरंच आहे. विषाणू आला तेव्हा शरीराने त्याच्याशी लढायला शिपाई तयार केले. शत्रू मेला. पण शिपायांना कुणी थांबा म्हणालं नाही, आणि ते आता घरातल्याच माणसांवर तुटून पडलेत. दादाच्या मेंदूच्या पेशी आता त्याच्याच रक्तातल्या या शिपायांनी, म्हणजे प्रतिपिंडांनी, बंद पडताहेत. असं होतं हे थोड्याच वर्षांपूर्वी कळलंय.

यात एक चांगली बाजू आहे. विषाणूने जाळलं ते जळालं, ते परत येत नाही. पण हे शिपाई जाळत नाहीत, फक्त तोंड दाबून धरतात. त्यांना हटवलं की दाबलेलं पुन्हा बोलू लागतं. म्हणजे दादाचं जे जे गेलंय त्यातलं काही जळालेलं आहे आणि काही नुसतं दाबलेलं आहे. मार्चमध्येच हे शिपाई हळूहळू कामाला लागले असावेत असं आता वाटतं. कोणतं जळालं आणि कोणतं दाबलं, हे आधी सांगता येत नाही. औषध दिल्यावरच कळेल. माझ्या सगळ्या कामाचा प्रश्न हाच आहे, आणि तो मी आजपर्यंत इतका जवळून पाहिला नव्हता.

डॉ. निवेदिता सोमवारी औषध सुरू करणार आहेत. स्टेरॉइड, आणि रक्त मशीनमधून फिरवून त्यातले हे शिपाई काढून टाकायचे.

आज वहिनीने मला व्हरांड्यात गाठलं. "भाऊजी, औषध दिल्यावर त्यांना मागचं सगळं आठवंल?"

"काही आठवेल. काय ते सांगता येत नाही."

"ते बी आठवंल? दाराचं?"

"तेही आठवू शकतं."

"मंग आधी आकूला बोलवा. आत्ता बोलता येईना तरी ते नाव घेतेत, मी बघते व्हट हलतेत त्यांचे. तिला एकदा येऊन जाऊ द्या. मंग द्या औषध."

"वहिनी, इतकं थांबवत नाही. झटके वाढतील."

"चार दिस तर थांबवतंय ना? सोमवारपर्यंत?" तिने पदर तोंडाशी धरला. "बरे व्हावेत असं कुणाला न्हाई वाटत? पर बरे झाले की पुन्हा तेच. माझी लेक पुन्हा दाराबाहेर."

निवेदितांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, औषधाच्या संमतीची सही देताना वहिनींनी सोमवारला किती दिवस आहेत ते दोनदा विचारलं. मला वाटलं आजाराच्या भीतीने."

सोमवारच्या आत आलीस तर तुला असा बाप भेटेल ज्याच्या मनात तुझ्याबद्दल काहीच वाकडं नाही. नंतर कोण भेटेल ते मला माहीत नाही. मी ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही. तुझ्यापासून पुन्हा काही लपवायचं नाही एवढंच ठरवलंय.

काका


जालना, १८ मे २०२५

आकांक्षा,

त्या रविवारी तुझा निरोप फोनवर आला तेव्हा मी वहिनीजवळच बसलो होतो. "औषध द्या, काका. त्यांना सगळं आठवू द्या. विसरलेल्या माणसाने जवळ घेतलं तर ते मला पुरणार नाही." वहिनीला वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बापावर गेली बिलकुल." तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

औषध दिलं. पहिले दिवस कठीण गेले, ते लिहीत नाही. आता तोंडाची हालचाल थांबलीय, झोप लागते, वाक्यं जुळू लागलीत. दादाने निवेदितांना परवा विचारलं, "डाक्टरीणबाई, हा माझा भाऊ इथं नोकरीला हाय का नुसताच हिंडून राह्यला?" त्या म्हणाल्या, "हिंडतात." आता इथे सगळे मला हिंडणारे सर म्हणतात.

परवा संकष्टीला राजूरला जाऊन आलो. गर्दी होती. गणपतीसमोर हात जोडले आणि काय मागायचं तेच कळेना. "दादाचं सगळं परत दे" म्हणायला गेलो आणि लक्षात आलं, की सगळं म्हणजे तेही आलं. बैल परत दे आणि तेवढा एक दिवस राहू दे, असं म्हणावं का? देवाला अशी निवड सांगणारा मी कोण? आणि तू तर सगळं मागितलं होतंस. शेवटी काहीच न मागता प्रसाद घेऊन निघालो. तुझ्यासाठीही घेतलाय. पेढा आहे, टिकणार नाही, म्हणून मीच खाईन.

दादा घरी गेला की पुन्हा पत्ते घेऊन जाईन. नवे फोटो काढतोय.

काका


जालना, २९ जून २०२५

आकांक्षा,

आधी तुझ्या आईला कळलं. तिचा फोन आला. "भाऊजी, दुपार कलली, यष्टी वाजली, आन त्यांनी विचारलं न्हाई."

मी आज जाऊन आलो. दादा ओट्यावर मोटरीचा पान्हा पुसत बसला होता. मी पत्ते काढायच्या आधीच म्हणाला, "तू तिला पत्रं लिवून राह्यलास म्हणं."

"लिहितो."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्या मेंदूबद्दल."

"मेंदूबद्दल लिव. माझ्याबद्दल लिवू नको."

तरी लिहितोय. मग तो स्वतःच बोलला, माझ्याकडे न बघता. आठवड्याच्या बाजारात मिरचीचा एक व्यापारी त्याला म्हणाला होता, "रामकिसनराव, पेढे कव्हा देता?" दादा म्हणाला, "कशाचे?" "पोरीच्या लग्नाचे." चार माणसं उभी होती. व्यापाऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल कोणत्या रंगाचा होता तेसुद्धा दादाने मला सांगितलं.

"जात कोणती, पोरगं कोण, ते मागून. कुळदैवताला पयलं आवतण असतं, मंग मामाला. बापाला कितवं असतं रे? मला बाजारात कळलं. लग्न झाल्यावर." पान्हा पुसून झाला होता, तरी पुसतच होता. "मंग आली दोघं. दारात उभी राहिली. मी वाट पाहिली, कायतरी बोलंल. भांडंल तरी. ते पोरगं नमस्कार म्हणलं. ही मुकी. मी किती येळ वाट पाहिली असंल. मंग मी बोललो."

तो काय बोलला ते तुला माहीत आहे.

वहिनी आतून म्हणाली, "आन आजारात रोज आकू आली का, आकू आली का, ते कोण बोलत होतं?"

"आजारात माणूस काय बी बरळतं."

"मंग आजारीच बरे होते."

दादा उठून मोटरीकडे गेला.

नंतर त्याने मुकाट्याने पत्ते बघितले. शेळी नाही. मोसंबी नाही. चांद्या नाही, समोरूनही नाही, मागूनही नाही. चेहरेही नाहीत, वहिनी अजून बांगड्या वाजवत फिरते. तुझा वेण्यांचा फोटो त्याने या वेळीही ओळखला नाही, आणि ती तू आहेस हे सांगायचा धीर मला झाला नाही. म्हणजे जिवांचं घर जळालेलंच होतं. ती वर्षं मात्र नुसती दाबलेली होती. एवढ्या औषधांनी मी माझ्या भावाला त्याचे बैल देऊ शकलो नाही. त्याचा राग तेवढा परत आणून दिला.

माझ्या कामाच्या दृष्टीने हा फार स्वच्छ निष्कर्ष आहे. इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. मी तो लिहून काढला आणि पेन ठेवून दिलं.

गोठ्याकडे तो आता फिरकत नाही. वहिनी म्हणते, बैलांजवळ गेला की पाहुण्यांच्या घरात चुकून शिरल्यासारखा उभा राहतो आणि परत येतो. बैल मात्र त्याच्याकडे मान वळवून बघत राहतात.

तुला हवं होतं तसं झालंय. त्यांना सगळं आठवतं. पुढचं तुझ्यावर.

काका


धावडा, २१ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

आकांक्षा,

उद्या पोळा. हे पत्र पोस्टाने पोचेपर्यंत पोळा होऊन जाईल, म्हणून लिहून झालं की पानांचे फोटो काढून लगेच तुझ्या फोनवर पाठवतो. दादाने तसंच सांगितलंय. तो समोर बसलाय आणि "झालं का?" म्हणून विचारून राहिलाय.

मी आज रजा घेऊन आलो, कारण बैल धुवायला आणि खांदेमळणीला या वर्षी माणूस नव्हतं. ओढ्यावर मीच नेले. तुझा काका किती वर्षांनी बैल धूत होता हे बघायला अर्धी गल्ली काठावर उभी होती. "डाक्टर, तपासून राह्यले का धुवून राह्यले?" असं एकाने विचारलंसुद्धा.

संध्याकाळी वहिनीने वाटीत लोणी आणि हळद कालवली. मी चांद्याच्या खांद्याला लावायला घेतली, तेवढ्यात मागून दादा आला. गोठ्याच्या उंबऱ्यावर थोडा थांबला. मग माझ्या हातातली वाटी घेतली. "तुझ्यानं न्हाई व्हायचं. वर्षभर जू घासतंय तिथं, असं हळदीचं बोट लावून भागतंय का?"

तो बैलाकडे बघतच नव्हता. भिंतीकडे तोंड करून त्याने खांद्यावर तळहात ठेवला आणि जू बसतं त्या घट्ट्यावरून फिरवायला लागला. फिरवता फिरवता हात थांबला.

"हा चांद्या."

मी हळदीची बोटं तशीच धरून उभा.

"डावीकडं जुंपतो ह्याला. जू इकडून कलतं, म्हणून घट्टा आतल्या अंगाला." मग दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हा तांबडा. ह्याचा सपाट." मग त्याने मान वळवून दोघांकडे बघितलं. चेहरा पडला. "न्हाई. डोळ्यानं पुन्हा न्हाई." डोळे मिटले, हात ठेवला. "हाय. हा चांद्याच."

आकांक्षा, मी हे कुठेच वाचलेलं नाही. विषाणूने बैल जाळला, पण जू जाळलं नव्हतं, आणि जू जिथे बैलाला टेकतं तेवढ्या तळहाताएवढ्या जागेवरून दादा आत शिरला. कदाचित माझं चुकतही असेल. एकाच माणसाच्या एका संध्याकाळवरून काही म्हणू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवतो. पण मी गोठ्यातच हात जोडले. दादा म्हणाला, "बैलाला जोडतो का मला?"

मग त्याने रीतीप्रमाणे चांद्याच्या कानाशी तोंड नेलं. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तांबड्यालाही सांगितलं. आणि तिथेच वाटी धरून उभा राहिला.

"भारत, हे आपल्याच दावणीचे. उद्या कुठं जाणार हायेत? हितंच जेवणार. मंग आवतण कशाला देतेत?"

"रीत आहे."

"रीत हायेच. पर कशाला?"

"तूच सांग."

"न बोलावता पुढं टाकलं तर तो चारा. बोलावून वाढलं की जेवण." त्याने वाटीतलं उरलेलं लोणी तांबड्याच्या खांद्याला पुसलं. "तिनं मला बोलावलं न्हाई. मंग मीच बोलावतो तिला. कसं बोलावतेत ते तरी कळंल तिला."

वहिनी दारात होती. ती काही बोलली नाही. बांगड्याही वाजवल्या नाहीत. पण दादाने तिकडे बघून म्हटलं, "पुरण जास्तीचं टाक."

ओट्यावर आल्यावर मी तुझा वेण्यांचा फोटो खिशातून काढून त्याच्यापुढे ठेवला आणि या वेळी सांगितलं, की ही आकू. त्याने तो हातात घेऊन वरून अंगठा फिरवला, जसा खांद्यावर फिरवला होता तसा. कागदावर काय लागणार? म्हणाला, "न्हाई वळखू येत. दोनदा दावलास, दोनदा चांगली पोर हाय म्हणलो असंन, हाय का?" मी हो म्हटलं. तो थोडा वेळ फोटो घेऊन बसला. मग म्हणाला, "कागद काढ. मी सांगतो तसंच लिव. तुझं काय घालू नको मधी."

म्हणून इथून पुढे त्याचं आहे.

"आकू, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. त्यालाबी आण, तो नमस्कार तरी करतो. मला समदं आठवतं, तवा मी इसरून बोलावतो असं समजू नको. राग हाय. तो हाय तिथं हाय, त्याचं काय ते जेवण झाल्यावर बघू. एक मातर ध्यानात ठेव. मला आता तोंडं वळखू येत न्हाईत. तुझंबी येणार न्हाई. तवा मागल्यावानी दारात येऊन गप उभी राहू नको. बोल. काय बी बोल, भांड पायजे तर. आवाज आला की मला कळतं."